चकव्याची वाट

आमच्याकडे चकव्याची समजूत फार जुनी आहे. ओळखीच्या माळावरून तिन्हीसांजेला घराकडे निघालेला माणूस त्याच त्या बांधाशीं, त्याच त्या बाभळीखालीं पुन्हां पुन्हां येऊन ठेपतो. गांवांतील कुत्र्यांचें भुंकणें ऐकूं येतें, पण वाट कांहीं सांपडत नाहीं. आणि उजाडल्यावर पाहावें तों घर अवघ्या हांकेवर! असल्या गोष्टी लहानपणीं आजीच्या तोंडून आम्हीं ऐकल्या, आणि इंग्रजी शिक्षण झाल्यावर त्यांस आम्ही हंसूं लागलों. त्या हंसण्याचें प्रायश्चित्त पन्नाशी उलटल्यावर, आणि तेंहि माळावर नव्हे तर आपल्याच घरीं खुर्चीवर बसून घ्यावें लागेल, असें कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें खरें मानलें नसतें.

प्रकार असा झाला. नाताळच्या सुटींत आमची कन्या घरीं आली होती. तिनें संगणकावर एक खेळ मांडून दिला व म्हणाली, "बाबा, हा तुमच्यासारख्यांसाठींच आहे. यांत चित्र एकहि नाहीं. नुसतें वाचायचें आणि लिहायचें." खेळाचें नांव 'ॲडव्हेंचर'; पुरतें म्हणावयाचें तर 'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. पहिल्या दिवशीं मौज वाटली. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांतील एका भुलभुलय्यांत शिरलों, आणि पुढचे तीन दिवस तेथून बाहेर पडूं शकलों नाहीं. त्या तीन दिवसांत हा खेळ कोणीं, कां व कशावरून रचला हें शोधण्याचा नाद आम्हांस लागला. प्रस्तुत लेख हें त्या नादाचें फळ होय.

संगणकावरील खेळास इतिहास तो कसला, अशी शंका कित्येक वाचकांच्या मनांत येईल. ती स्वाभाविक आहे. परंतु बुद्धिबळाचा आणि सोंगट्यांचा इतिहास विद्वान् लोक लिहीत आले आहेत, व त्यावरून राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या प्रवासाचे माग काढीत आले आहेत. हा खेळ वयानें लहान खरा. पण त्याच्या मुळाशीं एक खरीखुरी गुहा आहे, तिच्यांतील खरा अंधार आहे, आणि एका दुभंगलेल्या घराची हकीकत आहे. म्हणून गुहेपासूनच आरंभ करूं.

अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत 'मॅमथ केव्ह' नांवाची गुहा आहे. चुनखडीच्या थरांतून पाण्यानें कोरीत नेलेल्या तिच्या वाटांची मोजलेली लांबी आज ४२० मैलांहून अधिक भरते. ज्ञात गुहांत हिच्याएवढी लांब दुसरी नाहीं. या अंधारांत ज्यानें प्रथम दूरवर वाटा काढल्या तो स्टीफन बिशप हा एक कृष्णवर्णी गुलाम होता. इ. स. १८३८ मध्यें मालकानें त्यास गुहेवर वाटाड्या म्हणून आणलें, आणि त्याच वर्षीं 'अथांग खड्डा' म्हणून ज्याची कीर्ति होती तो ओलांडून तो पलीकडे गेला. इ. स. १८४२ मध्यें त्यानें गुहेचा नकाशा केवळ स्मरणानें काढून दिला, तो इ. स. १८४५ मध्यें छापून निघाला. हजारो प्रवाशांना त्यानें वाट दाखविली. स्वतःची सुटका मात्र त्यास इ. स. १८५६ मध्यें लाभली, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. ज्याचें स्वतःचें शरीरहि कायद्यानें त्याचें नव्हतें, त्याच्या डोक्यांतील नकाशावर पुढील शोधकांच्या पिढ्या चालल्या, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

मॅमथ केव्हच्या शेजारींच 'फ्लिंट रिज' नांवाच्या टेकडीखालीं दुसऱ्या गुहांचें जाळें आहे. हीं दोन जाळीं आंतून एकमेकांस मिळालेलीं असावींत असा शोधकांचा तर्क होता. पण मधला दुवा कोणास सांपडला नव्हता. इ. स. १९७२ च्या उन्हाळ्यांत फ्लिंट रिजच्या बाजूनें गेलेल्या एका तुकडीस अत्यंत अरुंद अशी फट लागली. अंगानें सडपातळ असलेल्या पॅट्रिशिया क्राउदर या बाई त्या फटींतून सरपटत पलीकडे गेल्या. तेथून पुढील शोधांत भिंतीवर पूर्वींच्या पिढींतील एका शोधकाचें नांव कोरलेलें आढळलें, आणि नांवाजवळ एक बाण! कोणीतरी पलीकडून येथवर येऊन गेला होता, व आपण कोणीकडून आलों ही खूण ठेवून गेला होता. ९ सप्टेंबर रोजीं सहा जणांची तुकडी त्या दिशेनें छातीएवढ्या थंड पाण्यांतून चालत गेली. आणि अंधारांत दिव्याच्या उजेडांत त्यांना काय दिसलें, तर प्रवाशांच्या सोयीसाठीं बसविलेला एक कठडा! कोणीं कधीं न पाहिलेल्या वाटेनें ते मॅमथ केव्हच्या नित्याच्या रस्त्यावर येऊन पोंचले होते. दोन गुहा एक झाल्या, आणि त्यांची एकत्र लांबी १४४ मैलांवर गेली.

या पॅट्रिशिया बाईंचे पति विल क्राउदर हेहि पट्टीचे गुहाशोधक. व्यवसायानें ते मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनींत संगणकाच्या आज्ञावली लिहीत. आजच्या इंटरनेटचें मूळ जें 'आर्पानेट', त्याचे सांधे जुळविणाऱ्या मंडळींत ते होते. गुहेंत फीत आणि होकायंत्र घेऊन घेतलेलीं मापें हीं नवरा-बायको घरच्या टेलिटाइप यंत्रावरून संगणकांत भरीत, आणि त्यांवरून नकाशे काढून घेत. म्हणजे खेळ जन्मास येण्यापूर्वींच ती गुहा आंकड्यांच्या रूपानें संगणकांत शिरली होती, आणि तिला तेथें नेण्यांत बाईंचा हात पुरुषाइतकाच होता.

पुढें या दांपत्याचा काडीमोड झाला. मुली दूर झाल्या. आणि जिच्यांत दोघांनीं मिळून इतकीं वर्षें घालविलीं त्या गुहेची वाटहि क्राउदरांना पूर्वींसारखी राहिली नाहीं. अशा मनःस्थितींत, इ. स. १९७५-७६ च्या सुमारास, त्यांनीं फोरट्रान भाषेंत एक खेळ लिहिला. मुली भेटीस आल्या म्हणजे त्यांना कांहीं गंमत असावी, आणि संगणकाशीं परिचय नसलेल्या माणसासहि तो भीतिदायक वाटूं नये म्हणून आज्ञा साध्या बोलण्यांतल्या असाव्या, असा हेतु त्यांनीं पुढें स्वतःच सांगितला आहे. इ. स. १९७४ मध्यें निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाचा नाद त्यांना होता. त्याचीहि छाया यावर पडली. बाप मुलींना हातीं धरून ज्या गुहेंत नेऊं शकत नव्हता, ती गुहा त्यानें त्यांच्यासाठीं शब्दांत बांधून दिली. आम्हांस तरी या खेळाचें खरें बीज हेंच वाटतें.

इ. स. १९७६ मध्यें स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स नांवाच्या तरुणास हा खेळ एका संगणकांत सांपडला. कर्त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हां त्यानें काय करावें? आर्पानेटवरील संगणक त्या काळीं मोजकेच होते. त्या प्रत्येकावर 'क्राउदर' या नांवें त्यानें पत्र धाडलें! उत्तर आलें, परवानगी मिळाली, आणि वुड्सनें खेळांत कित्येक दालनें, खजिने व संकटें यांची भर घालून इ. स. १९७७ मध्यें तो पुरा केला. आम्ही ज्यांत अडकलों तो हा दोघांच्या हातचा, ३५० गुणांचा खेळ होय.

खेळण्याची रीत अशी. आपण कोठें उभे आहों याचें चार ओळींचें वर्णन पडद्यावर उमटतें, आणि आपण एक किंवा दोन शब्दांत आज्ञा द्यावयाची: उत्तरेस जा, दिवा घे, पिंजरा उचल. प्रत्येक शब्दाचीं पहिलीं पांच अक्षरेंच यंत्र वाचतें. गुहेंत शिरून एकेक खजिना वर घरांत आणून ठेवावयाचा, हें उद्दिष्ट. पण दिव्याची शक्ति मोजकी आहे. ठराविक चालींनंतर तो विझतो, आणि अंधारांत पाऊल टाकणारा खड्ड्यांत पडून मरतो. आरंभींचेंच एक संकट पाहा. वाटेवर भला मोठा सर्प बसला आहे. त्यास पळवून लावतें तें एक लहानसें पाखरूं. परंतु आपल्या हातीं एक काळी काठी असते तिला तें पाखरूं भितें. काठी खालीं ठेवल्यावांचून पाखरूं पिंजऱ्यांत येत नाहीं. शस्त्र टाकावें तेव्हां मदत मिळावी, असा हा न्याय आहे. तो आम्हांस त्या वेळीं नीट उमगला नाहीं. उमगला असता तर पुढचे तीन दिवस वांचले असते.

पुढें एका वळणावर एक चांचा अंधारांतून झडप घालून आमचें सारें सोनेंनाणें हिसकावून गेला, आणि जातां जातां आपण तें भुलभुलय्यांत आपल्या पेटींत नेऊन दडविणार असें बजावूनहि गेला. तेव्हां गेलेलें धन परत मिळविण्यास तेथें जाणें प्राप्तच झालें. हा भुलभुलय्या म्हणजे वांकड्यातिकड्या, अगदीं एकसारख्या बोळांचें जाळें. प्रत्येक ठिकाणीं तेंच एक वाक्य उमटतें. अक्षराचाहि फरक नाहीं. आम्हीं कागद घेऊन नकाशा काढावयास आरंभ केला. उत्तरेस गेलों, एक चौकोन काढला. पूर्वेस गेलों, दुसरा काढला. परत फिरावें म्हणून पश्चिमेस गेलों, तों ती पहिली जागा कीं तिसरीच, हें कळावयास मार्ग नाहीं! खरी गोष्ट अशी कीं तेथील बोळ वळणें घेत जातात. पूर्वेस जाऊन पश्चिमेस फिरलें तर मागची जागा मिळेलच असा नेम नाहीं. आमचा भूगोल, आमची भूमिति, सारें व्यर्थ झालें. दिवा मंद होऊं लागला. दोनदां विझला, आणि दोनदां खेळ मुळापासून मांडावा लागला.

माळावरच्या माणसास निदान बाभळ असते. ती पुन्हां दिसली म्हणजे आपण तेथेंच आलों हें त्यास कळतें. येथें बाभळहि नाहीं. तिसऱ्या रात्रीं कन्येनें आमच्या मागें उभें राहून कागदांचा ढीग पाहिला. वाट तिला ठाऊक होती, पण ती सांगेना. तिनें एवढेंच विचारलें, "बाबा, तुमच्या हातांत सध्यां काय काय आहे?"

आम्हीं वाचून दाखविलें: किल्ल्यांचा जुडगा, पाण्याची बाटली, खाण्याचें गांठोडें, रिकामा पिंजरा, कुऱ्हाड.

"मग तें सगळें कशाला वागवतां?" असें म्हणून ती झोंपावयास गेली.

आमच्या डोक्यांत प्रकाश पडावयास आणखी थोडा वेळ लागला. मग आम्हीं पहिल्या बोळांत किल्ल्या टाकल्या, दुसऱ्यांत बाटली, तिसऱ्यांत पिंजरा. आतां ज्या बोळांत किल्ल्या दिसत तो पहिला, हें निश्चित झालें. कागदावर चौकोन काढणें सोडून आम्हीं एक कोष्टक आंखलें: एका बाजूस बोळांचीं नांवें, माथ्यावर दहा दिशा, आणि प्रत्येक घरांत त्या दिशेनें गेल्यास कोठें पोंचतों त्याची नोंद. बोळ वस्तूंहून अधिक. तेव्हां ज्याच्याकडे जाणारी वाट कोष्टकांत पक्की झाली तेथील वस्तु उचलून पुढच्या बोळांत नेऊन ठेवावी लागे. दीड तासांत सारें जाळें कागदावर आलें, चांच्याची पेटी हातीं लागली, आणि आम्ही दिवा विझण्यापूर्वीं बाहेर पडलों.

ही युक्ति क्राउदरांनीं शून्यांतून काढली नाहीं. तिची परंपरा लांब आहे. ग्रीकांच्या कथेंत थीसियस सुताची गुंडी सोडीत भुयारांत गेला आणि त्याच सुताच्या मागानें परत आला. सूत परत आणतें, पण पुढें काय आहे तें सांगत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत त्रेमो नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें अधिक पक्की रीत बसविली, आणि एद्वार ल्यूका या गणितज्ञानें इ. स. १८८२ मध्यें ती आपल्या ग्रंथांत प्रसिद्ध केली: प्रत्येक वाटेवर शिरतांना व निघतांना खूण करावी, आणि जिच्यावर दोन खुणा झाल्या तिच्यावर तिसऱ्यांदा पाऊल टाकूं नये. असें केलें तर भुलभुलय्या कितीहि गहन असो, माणूस त्यांत कायमचा अडकत नाहीं. आमच्या खेळांत मागें फिरण्याची शाश्वति नसल्यामुळें सूतहि निरुपयोगी आणि त्रेमोची रीतहि जशीच्या तशी लागूं पडत नाहीं. तरी तत्त्व तेंच. अनोळखी ठिकाणीं ज्ञान मिळतें तें खूण केल्यानें, आणि खूण करावयाची म्हणजे जवळचें कांहीतरी मागें ठेवावें लागतें.

आतां एका वादाचा उल्लेख करणें इतिहासाच्या दृष्टीनें अवश्य आहे. क्राउदरांची मूळ प्रत नाहींशी झाली होती. त्यामुळें त्यांचा मूळ खेळ म्हणजे गुहेची नुसती नक्कल असावी, आणि जादू, बुटके वगैरे अद्भुत भाग सारा वुड्सनें घातला असावा, असें बरेच दिवस मानलें जाई. डेनिस जर्झ या अभ्यासकानें ती मूळ प्रत वुड्सच्या स्टॅनफर्ड येथील जुन्या सांठ्यांतून मिळविली, स्वतः केंटकीच्या त्या गुहेंत उतरून खेळांतील वर्णनें प्रत्यक्ष दालनांशीं ताडून पाहिलीं, आणि इ. स. २००७ मध्यें आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. खेळाचा आरंभींचा भाग खऱ्या गुहेशीं आश्चर्यकारक रीतीनें जुळतो. आणि जादूचा शब्द व कुऱ्हाड फेंकणारे बुटके मूळ प्रतींतच होते. म्हणजे वास्तव आणि अद्भुत यांचें मिश्रण मूळ बापाचेंच. पुराव्यावांचून कल्पिलेली वाटणी कशी फसते याचें हें चांगलें उदाहरण आहे.

पण त्याच पुराव्याच्या उजेडांत आणखी एक गोष्ट दिसते. खेळाच्या इतिहासांत क्राउदर व वुड्स हीं दोन नांवें सर्वत्र येतात. ज्या बाई फटींतून सरपटत गेल्या, ज्यांनीं मापें यंत्रांत भरलीं, त्यांचें नांव आलें तर 'कर्त्याची पूर्वपत्नी' म्हणून येतें. बिशपचें नांव तर खेळणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. भुलभुलय्यांत आम्हीं टाकलेल्या किल्ल्यांवर आम्ही वाट काढली. पण ज्यांच्या खुणांवर सारी गुहाच उभी आहे त्यांची नोंद कोष्टकांत नाहीं. ती नोंद करणें हें इतिहास लिहिणाराचें काम होय, आणि तें काम लहान नव्हे.

राहिला प्रश्न मदत घेण्याचा. आपण स्वतः कोडें न सोडवितां कन्येच्या प्रश्नावर तरलों, याची आम्हांस प्रथम खंत वाटली. परंतु वुड्सनेंहि याचा विचार केला होता. भुलभुलय्यांत माणूस फार वेळ घुटमळला तर यंत्र आपण होऊनच मदत हवी काय असें विचारतें. ती घेतली तर चार गुण कापून घेतें आणि वस्तु टाकण्याची युक्ति सांगतें. मदतीस लाज नाहीं, फक्त मोल आहे. याच खेळाच्या प्रेरणेनें पुढें 'झॉर्क' हा खेळ निघाला आणि इ. स. १९७९ मध्यें 'इन्फोकॉम' कंपनी स्थापन झाली. तिनें तर अदृश्य शाईनें छापलेल्या मदतीच्या पुस्तिका विकल्या. विशिष्ट लेखणी फिरवावी तेव्हां एकेक ओळ उमटे, म्हणजे हवी तेवढीच मदत घेण्याची सोय. इ. स. १९८४ मध्यें डग्लस ॲडम्स यांच्या कथेवर तिनें काढलेल्या खेळांत एका यंत्रांतून मासा काढून कानांत घालण्याचें कोडें आहे. भिंतींतील भोंकावर अंगरखा, जमिनींतील मोरीवर पंचा, झडपेपुढें पिशवी, आणि पिशवीवर कसलेंसें रद्दी टपाल, एवढें रचावें तेव्हां मासा मिळतो. आणि तें टपाल आरंभीं घराच्या दारांतून उचलून आणलें नसेल तर तो मुळींच मिळत नाहीं! हें कोडें सोडविल्याची प्रौढी मिरविणारे सदरे त्या कंपनीनें विकले, आणि लोकांनीं ते हौसेनें अंगांत घातले. अर्थात् कोडें सुटल्याचा आनंद एकट्याचा असतो, पण तो दुसऱ्यास सांगितल्यावांचून पुरा होत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जी या मासिकाच्या वाचकांस रुचेल. सारे खजिने घरीं आणले, सारीं संकटें ओलांडलीं, तरी ३५० पैकीं ३४९ गुणच पदरीं पडतात. राहिलेला एक गुण कोठें दडला आहे, यासाठीं खेळणाऱ्यांनीं डोकीं फोडलीं. त्याचें उत्तर असें. गुहेंत एका जागीं गुहाशोधकांचें एक मासिक पडलेलें असतें. सर्व जण त्यास निरुपयोगी समजून पुढें जातात. तें उचलून, जेथून बाहेर पडणें महाकठीण अशा एका आडबाजूच्या दालनांत नेऊन ठेवलें कीं तो शेवटचा गुण मिळतो. वुड्सनें हें केवळ थट्टेनें केलें असेल. आम्हीं मात्र तेथें तें मासिक ठेवलें तेव्हां आमच्या मनांत असें आलें कीं, मागून या अंधारांत कोणी येईल त्यास निदान वाचावयास कांहीं असेल, आणि आपल्या आधीं येथें कोणी येऊन गेलें होतें, एवढें तरी कळेल.